खड्डा उपसणार कोण?



वस्तीत विहार, समाजमंदिर, अंगणवाडी किंवा सार्वजनिक शौचालय बांधायचे ठरले की मीटिंगा होतात. फरशी कोणती, रंग कोणता, पाटीवर नाव कोणाचे, यावर तास तास चर्चा होते. शौचालयाचा विषय निघाला की गवंडी म्हणतो, "मागच्या बाजूला सेप्टिक टँक टाकू," आणि सगळे माना डोलावतात. ती टाकी भरल्यावर उपसणार कोण, हे कोणी विचारत नाही. विचारायची गरजच वाटत नाही, कारण या देशात त्याचे उत्तर शतकानुशतके ठरवून ठेवलेले आहे.

आरोग्याच्या पानावर बांधकामाचा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. मी दवाखान्यात नोकरी केली तेव्हा जुलाबाची मुले रोज यायची. सलाईन लावून आम्ही मूल बरे करायचो आणि ते परत त्याच गल्लीत, त्याच उघड्या गटाराच्या काठी खेळायला जायचे. तीन आठवड्यांनी तेच मूल, तीच आई. कावीळ, टायफॉइड, जंत, अंगात रक्त नसणे, या सगळ्यांची मुळे शोधत गेले तर वाट बहुतेक वेळा शौचालयामागच्या खड्ड्यापर्यंत पोहोचते. म्हणून खड्ड्याची बांधणी हा आरोग्याचाच विषय आहे. आणि तो खड्डा कोणाला साफ करायला लावतात, हे पाहिले की तो स्वाभिमानाचाही विषय होतो.

माझे म्हणणे थोडक्यात सांगते. वस्तीतली इमारत अशी बांधता येते की तिथला ताजा मैला कोणाच्याही हाताला लागणार नाही, आणि तो खड्डा जेव्हा उघडला जाईल तेव्हा आत माती झालेले खत असेल. हे तंत्र जुने आहे, फार महाग नाही, आणि आपल्या महाराष्ट्रात त्याचा मोठा अनुभव आहे.

मैल्यात काय असते

निरोगी माणसाची लघवी बहुतांशी जंतुविरहित असते. धोका असतो तो विष्ठेत. पटकी, विषमज्वर, कावीळ (ए आणि ई), लहान मुलांचे रोटाव्हायरसचे जुलाब, पोलिओ, या सगळ्यांचे जंतू विष्ठेतून बाहेर पडतात. त्याशिवाय जंतांची अंडी. गोल जंताची एक मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालू शकते आणि ती अंडी ओलसर मातीत महिनोन्‌महिने, कधी काही वर्षे, जिवंत राहतात. हुकवर्म नावाचा दुसरा जंत तर अनवाणी पायाच्या कातडीतून शरीरात शिरतो आणि आतड्याला चिकटून रक्त पितो. शेतात राबणाऱ्या आपल्या बायांच्या अंगात रक्त नसते, त्यामागे अपुऱ्या जेवणाबरोबर हाही एक चोर असतो.

आता दुसरी बाजू. हीच विष्ठा आणि लघवी जमिनीला पोसते. आपल्याकडच्या आहारावर एका माणसाच्या वर्षभराच्या मलमूत्रात सुमारे अडीच किलोंहून अधिक नत्र असते आणि त्यातला बहुतेक भाग लघवीत असतो. आपल्या जुन्या शेतकऱ्यांनी मैल्याच्या खताला 'सोनखत' म्हटले ते उगाच नाही. सोने शेतमालकाला मिळाले, टोपली मात्र दुसऱ्याच्या डोक्यावर राहिली.

मैला आणि सोनखत यांच्यामध्ये अंतर असते ते वेळेचे. मैला बंद जागी, कोणी हात न लावता पुरेसा काळ पडून राहिला की त्यातले रोगजंतू आणि अंडी मरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार उष्ण हवेत तो एक वर्षाहून जास्त, आणि थंड हवेत दीड ते दोन वर्षे साठवावा. आपण सावधगिरी म्हणून दीड-दोन वर्षे धरू. चांगल्या शौचालयाचे काम म्हणजे मैल्याला हा वेळ मिळवून देणे.

सेप्टिक टँक हा वेळ देत नाही

सेप्टिक टाकीत जुना गाळ खाली बसतो आणि वरून रोज ताजा मैला पडत राहतो. म्हणजे टाकी कधीही उघडा, आत कालचा मैला असतोच. नियमाने ती दर दोन-तीन वर्षांनी उपसावी लागते. टाकीतून बाहेर पडणारे पाणी शोषखड्ड्यात जायला हवे, पण बहुतेक ठिकाणी पाइप सरळ गटारात सोडलेला दिसतो. पाणी वरून स्वच्छ दिसले तरी त्यात रोगजंतू असतात.

टाकीतल्या वायूबद्दल प्रत्येक घरात माहिती हवी. तिथे मिथेन असतो आणि हायड्रोजन सल्फाइड असतो. हा दुसरा वायू थोडा असताना सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढले की तो वास घेण्याची शक्तीच बधिर करतो. आत उतरलेल्या माणसाला वाटते वास गेला, धोका टळला, आणि पुढच्या काही श्वासांत तो कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. एकाच टाकीत एकाच घरातले दोघे-तिघे गेल्याच्या बातम्या आपण वाचतो त्या यामुळे. म्हणून लक्षात ठेवा, आत माणूस पडला असेल तर मागोमाग उडी मारू नका. अग्निशमन दलाला आणि रुग्णवाहिकेला बोलवा, झाकणे उघडी ठेवा, लोकांना आणि विडी-काडीला दूर ठेवा.

कायदा आपल्या बाजूने आहे. हाताने मैला उचलण्याच्या कामावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे आणि गटारात किंवा सेप्टिक टाकीत माणूस संरक्षक साधनांशिवाय उतरवणे हा गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा मृत्यूंसाठी १० लाख रुपये भरपाई ठरवली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाख केली. सफाई कर्मचारी आंदोलनाचे बेझवाडा विल्सन यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी हा लढा वर्षानुवर्षे चालवला आहे. पण भरपाई माणूस गेल्यावर मिळते. माणूस खड्ड्यात उतरण्याची वेळच येऊ नये, हे ठरते ते नकाशा काढताना.

दोन खड्डे, एक चेंबर

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे दोन खड्ड्यांचे शौचालय. एका भांड्यातून निघालेला पाइप छोट्या चेंबरमध्ये येतो. तिथून इंग्रजी वाय अक्षरासारखे दोन फाटे दोन खड्ड्यांकडे जातात. एका वेळी एकच फाटा चालू, दुसरा बंद. पहिला खड्डा भरला की त्याचे तोंड बंद करून दुसरा चालू करायचा. पहिला दोन वर्षे तसाच राहू द्यायचा. पाणी जमिनीत मुरते, वायू मातीत जिरतो, आणि उरते ती काळसर, भुसभुशीत, वास नसलेली माती.

पाच माणसांच्या घराला साधारण १ मीटर रुंद आणि सव्वा मीटर खोल असे दोन खड्डे पुरतात. एका माणसामागे वर्षाला खड्ड्यात ४०-४५ लिटरच घट्ट पदार्थ साठतो, म्हणून एक खड्डा जवळपास तीन वर्षे चालतो. विहार, अंगणवाडी, वाचनालय अशा दोन-तीन भांड्यांच्या इमारतीला हीच पद्धत थोड्या मोठ्या मापाने बसते.

यात बिघडते कुठे, तेही सांगते. खड्ड्याच्या भिंती जाळीदार बांधायच्या असतात आणि तळ मातीचाच ठेवायचा असतो. "पक्के काम करून देतो" म्हणत गवंडी तळाला सिमेंट करतो, मग पाणी मुरत नाही. काही ठिकाणी दोन खड्डे बांधतात पण दोन्ही एकमेकांना जोडून टाकतात, मग विश्रांती कोणत्याच खड्ड्याला मिळत नाही. दोन खड्ड्यांमध्ये किमान १ मीटर अंतर हवे. विहीर किंवा हातपंप निदान १० मीटर दूर हवा, जास्त असेल तर उत्तम. काळ्या मातीत खड्ड्याभोवती वाळूचा थर द्यावा. जिथे पावसाळ्यात पाणी वर येते तिथे खड्डा जमिनीच्या वर उचलून बांधावा. भांडे जास्त उताराचे घ्यावे, त्याला दोन लिटर पाणी पुरते. आणि अ‍ॅसिड, फिनेल ओतू नये. मैल्याची माती करणारे उपयोगी जिवाणू त्याने मरतात.

मैल्यातून गॅस: माटुंगा ते किबेरा

जिथे रोज शंभर-दोनशे माणसे येतात आणि जागा कमी असते, तिथे दोन खड्डे पुरत नाहीत. तिथे गोबरगॅसचीच पद्धत मैल्यासाठी वापरता येते. हे नवीन नाही. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ च्या सुमारास मैल्यापासून गॅस तयार करून दिवे लावले होते. समाजाने ज्यांना दूर ठेवले त्यांच्याच आवारात हा प्रयोग झाला, हे मला नेहमी महत्त्वाचे वाटते.

पुणे जिल्ह्यातल्या देहूत डॉ. सुहास मापुसकर १९६० च्या सुमारास सरकारी आरोग्य केंद्रात डॉक्टर म्हणून आले. रोग्यांना औषध देता देता त्यांच्या लक्षात आले की गावात शौचालये नाहीत तोवर जंत आणि जुलाब हटणार नाहीत. सुरुवातीला बसवलेली शौचालये पावसाळ्यात टिकली नाहीत. तरी त्यांनी काम सोडले नाही. पुढे देहूत अनेक घरांत गॅस देणारी शौचालये उभी राहिली आणि त्यांच्यामागे २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. एका गावात चिकाटीने काम केले तर काय होते, याचे हे उदाहरण आहे. बिहारमध्ये सुलभ संस्थेने १९८२ साली पाटण्यात सार्वजनिक शौचालयाला गॅसचा हौद जोडला. आज शिर्डीसारख्या ठिकाणीही त्यांचे असे संकुल आहे.

आपल्या झोपडपट्टीसारखीच दाटी असलेली किबेरा नावाची वस्ती आफ्रिकेत, केनियाची राजधानी नैरोबीमध्ये आहे. तिथे शौचालय नसल्याने लोक पिशवीत शौच करून ती फेकून देत, त्याला नावच पडले होते 'उडते संडास'. तिथे उमांडे ट्रस्ट या संस्थेने वस्तीतल्या गटांबरोबर 'बायोसेंटर' उभी केली. त्या इमारतीची मांडणी समजून घेण्यासारखी आहे. जमिनीखाली घुमटाकार हौद. त्यावर तळमजल्याला शौचालये आणि न्हाणीघरे. मैला वरून आपल्या वजनाने खाली हौदात जातो, मध्ये कोणाचा हात लागत नाही. हौदातला गॅस पाइपने स्वयंपाकाच्या शेगडीला जातो. वरच्या मजल्यावर मीटिंगचा हॉल किंवा भाड्याने द्यायची खोली. वापरणारे थोडे शुल्क देतात, हॉलचे भाडे येते, त्यातून देखभाल आणि पगार निघतो. म्हणजे लोक ज्या इमारतीकडे नाक धरून बघायचे, तिथेच आता मीटिंगला बसतात.

गॅस किती मिळतो? हिशेब करूनच ठरवा

एका माणसाच्या मैल्यातून दिवसाला साधारण १ घनफूट गॅस मिळतो, असा सुलभचा अनुभव आहे. रोज १०० जण शौचालय वापरत असतील तर १०० घनफूट, म्हणजे पावणेतीन घनमीटरच्या आसपास. एका माणसाच्या स्वयंपाकाला दिवसाला ८ घनफूट गॅस लागतो असे धरतात. म्हणजे शंभर जणांच्या मैल्यावर बारा जणांचा स्वयंपाक होतो. आपल्या घरगुती सिलिंडरच्या भाषेत, अकरा-बारा दिवसांना एक सिलिंडर. वापर कमी तर गॅसही कमी.

हा हिशेब आधीच मांडते, कारण "फुकटात गॅस" म्हणून कोणी स्वप्न विकले आणि शेगडी पेटली नाही तर लोक सगळी योजनाच सोडून देतात. भीमजयंतीच्या पंगतीला सिलिंडर लागणारच. पण अंगणवाडीची खिचडी किंवा बचत गटाचा चहा रोज निघू शकतो. गॅस हौदात जास्त साठत नाही, रोजचा रोज वापरावा लागतो. त्यामुळे रोज चूल पेटणारी जागा शेजारीच हवी. वस्तीतले शिळे अन्न, भाजीचा कचरा बारीक करून हौदात टाकला तर गॅस वाढतो. मात्र आंघोळीचे, कपड्याचे साबणाचे पाणी हौदात सोडू नये. हौद पातळ होतो आणि काम मंदावते.

एक गोष्ट नर्स म्हणून बजावून सांगते. हौदात तीस-चाळीस दिवस राहून बाहेर आलेल्या रबडीत बरेच जंतू मेलेले असले तरी जंतांची सगळी अंडी मेलेली नसतात. ती रबडी ओली असताना भाजीला घालू नये. पालापाचोळ्याच्या थरात घालून झाकून कुजवावी, लांबवर वेळ द्यावा आणि झाडांना घालावी. इथेही औषध तेच, वेळ.

एका मीटिंगमध्ये मी हे सगळे सांगितल्यावर एक वयस्कर मावशी म्हणाल्या, "त्या गॅसवरची भाकर नरड्याखाली उतरंल का गं सिस्टर?" मी बोलायच्या आत त्यांच्या शेजारणीने उत्तर दिले, "मावशी, चुलीच्या धुरानं माझं डोळं गेलं, ते कसं उतरलं नरड्याखाली?" सगळ्या हसल्या. पण मावशींचा प्रश्न खोटा नव्हता. किळस आपल्याला शिकवली जाते. शेणाच्या गॅसला कोणी नाक मुरडत नाही, कारण शेण पवित्र मानले गेले. ज्वाळेला जंतू नसतात आणि जातही नसते. तरी ज्यांचे मन घेत नाही त्यांच्यावर जबरदस्ती करू नये. आधी पाणी तापवायला गॅस वापरावा, आंघोळीला गरम पाणी मिळाले की बाकीचे लोक आपोआप विचारायला येतात.

लघवी वेगळी ठेवली तर

तमिळनाडूत कावेरीकाठच्या मुसिरी या गावी स्कोप संस्थेने सामुदायिक शौचालय बांधले. तिथल्या भांड्यात लघवी, विष्ठा आणि धुण्याचे पाणी यांच्या वेगळ्या वाटा होत्या. लघवी टाकीत साठवून केळीच्या शेतीत तिचा उपयोग तपासला गेला. आणि गंमत म्हणजे तिथे वापरणाऱ्याकडून पैसे घेण्याऐवजी दर वापरामागे त्यालाच काही पैसे दिले जात. तुझ्या मैल्यालाही किंमत आहे, हे माणसाला सांगण्याची याहून सरळ रीत मला माहीत नाही.

आपल्या विहारात पुरुषांच्या मुताऱ्यांपुरते हे सहज करता येते. लघवी झाकणबंद कॅनमध्ये महिनाभर ठेवावी, खाद्यपिकांसाठी सहा महिने. मग पाच ते दहा पट पाणी मिसळून मुळाशी द्यावी, पानांवर नाही. उघडी ठेवली तर नत्र वासाबरोबर उडून जाते, म्हणून कॅन घट्ट बंद हवा.

आपल्या विहाराचा आराखडा

समजा आपल्याकडे दोन-तीन गुंठे जागा आहे आणि विहार, अभ्यासिका, अंगणवाडी एकत्र बांधायची आहे. मी अशी मांडणी सुचवते.

शौचालय इमारतीच्या मागे अंधारात लपवू नका. दार उजेडात, येण्याजाण्याच्या वाटेवर हवे, म्हणजे मुली-बायांना रात्री भीती वाटणार नाही. बायांची आणि पुरुषांची दारे वेगवेगळ्या बाजूंना. लहान मुलांसाठी वेगळी, बुटकी, उघडी बसायची जागा. एक भांडे अपंग आणि वृद्धांसाठी, उतार व धरायच्या दांडीसह. स्वयंपाकाची खोली गॅसच्या हौदापासून जवळ, पण शौचालयाच्या दारासमोर नको. हात धुण्याची जागा बाहेर, सगळ्यांना दिसेल अशी. साबण नेहमी हवा.

न्हाणीघराचे आणि हात धुण्याचे पाणी वेगळ्या नळीने बाहेर काढून कर्दळ, अळू, केळ यांच्या वाफ्यात सोडा. वाफ्यात खाली खडी, वर वाळू. डबके दिसले तर डास होतील, म्हणून पाणी वर न दिसता आत मुरले पाहिजे.

पाळीच्या कपड्यांचा आणि पॅडचा विचार नकाशातच करा. पॅड खड्ड्यात किंवा हौदात टाकले तर दोन्ही तुंबतात, आणि मग कोणाला तरी हात घालून ते काढावे लागते. प्रत्येक बायांच्या शौचालयात झाकणाची बादली हवी. कापड वापरणाऱ्या बायांसाठी धुण्याची आणि उन्हात वाळत घालण्याची आडोशाची जागा हवी. ही जागा मी तरी कोणत्याही सरकारी नकाशात पाहिलेली नाही.

झाडू कोणाच्या हातात?

इमारत कितीही चांगली असली तरी फरशी रोज धुवावीच लागते. ते काम कोण करणार? पुण्यात १९९९ नंतर महापालिका आयुक्त रत्नाकर गायकवाड यांच्या काळात स्पार्क, झोपडपट्टीवासी महासंघ आणि महिला मिलन यांनी वस्त्यांमध्ये शौचालये बांधली. त्यात देखभाल करणाऱ्या कुटुंबासाठी खोली आणि मुलांसाठी वेगळी शौचालये होती. आराखड्यात वस्तीतल्या बायांचे म्हणणे होते. ज्याच्या डोळ्यांसमोर शौचालय आहे आणि ज्याला त्याचा पगार मिळतो, तो ते नीट ठेवतो, हा धडा त्यातून घेता येतो.

इथे एक जुना वाद आठवतो. कोकणात कणकवलीच्या गोपुरी आश्रमात आप्पासाहेब पटवर्धनांनी खताचे, सोपे संडास करून दाखवले. मैल्याचे खत करण्याच्या आपल्याकडच्या कामाला त्यांनी दिशा दिली, हे मान्य केले पाहिजे. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी संडास सफाईचे काम मागितले तेव्हा ते नाकारले गेले आणि त्यांना उपोषण करावे लागले. ब्राह्मणाच्या हातात झाडू येऊ नये याची तुरुंगालाही काळजी होती. पण बाबासाहेबांनी १९४५ च्या 'काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले' या ग्रंथात सफाईच्या कामाला पवित्र सेवा म्हणून गौरवण्यावर कठोर टीका केली. ज्याला ते काम सोडण्याची मुभा नाही, त्याच्यापुढे कामाची थोरवी गाणे म्हणजे त्याला तिथेच बांधून ठेवणे होय. एखाद्या सवर्णाने बादली उचलली म्हणून बादली संपत नाही. बादलीच नसेल अशी इमारत हवी.

म्हणून देखभालीचे काम नेमताना जात बघू नका, आडनाव बघू नका, अर्ज मागवा. पगार किमान वेतनाप्रमाणे द्या. हातमोजे, बूट, साबण, धनुर्वाताची लस, वर्षातून एकदा तपासणी, हे समितीच्या खर्चात धरा. पिकलेले खत काढण्याचे कामही पाळीपाळीने समितीच्या सभासदांनी करावे, अध्यक्षांपासून सुरुवात. खत खरोखर खत झाले असेल तर कोणाला संकोच वाटायचे कारण नाही. आणि कोणी मागे सरला तर समजा, अजून वेळ द्यायला हवा, खड्ड्याला किंवा त्या माणसाला.

पैसे मंजूर होण्याआधी विचारा

स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण) च्या दुसऱ्या टप्प्यात सामुदायिक स्वच्छता संकुलासाठी ३ लाख रुपयांपर्यंत तरतूद ठेवली गेली, त्यातला काही भाग वित्त आयोगाच्या निधीतून ग्रामपंचायतीने घालायचा होता. चालू नियम ग्रामसेवकांना विचारून घ्या आणि ग्रामसभेत पुढील प्रश्न लेखी मांडा.

खड्डा किंवा हौद भरल्यावर आत काय असेल, ताजा मैला की खत?
तो कोण, कशाने आणि कोणत्या पगारावर रिकामा करणार?
दोन्ही खड्ड्यांना चेंबरमधून वेगळा फाटा आणि मातीचा तळ आहे का?
विहीर, हातपंप किती मीटरवर आहे?
पाणी बारा महिने कुठून येणार?
गॅस होणार असेल तर रोज कोणती शेगडी त्यावर चालेल?
पाळीच्या पॅडची काय सोय?
किल्ली कोणाकडे, आणि समितीत अर्ध्या बाया आहेत का?

उत्तरे मिळेपर्यंत नकाशावर सही करू नका. कंत्राटदाराला घाई असते, आपल्याला नाही. ती इमारत आपल्याला पुढची तीस वर्षे वापरायची आहे.

शाळा-अंगणवाडीत मुलांना जंताची गोळी देतात. ती आपल्या मुलांना जरूर द्या, एक-दोन वर्षांच्या बाळाला अर्धी गोळी चुरून देतात. गोळी पोटातला जंत मारते. बाहेर मातीत पडलेली अंडी ती मारू शकत नाही. त्यासाठी नीट बांधलेला, झाकण लावून दोन वर्षे शांत ठेवलेला खड्डा लागतो. तो पुढच्या मीटिंगमध्ये नकाशावर काढून घ्या, फरशीचा रंग ठरण्याआधी.